उतारवयातील निसर्गदर्शन आणि मराठी प्रवासलेखन : तीर्थ, सहल आणि खंडपरिक्रमा

प्रास्ताविक

‘निवृत्तीनंतर निवांत फिरू’ हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्यामागील गृहीते कोणी तपासत नाही. पाहणारा तोवर धडधाकट राहील, हे पहिले गृहीत. आणि जे पाहावयाचे ते तोवर जागेवर राहील, हे दुसरे. वसई-विरार परिसरात या वाक्याला विशेष अर्थ आहे. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० कि.मी. अंतर रोज दोनदा कापण्यात येथील नोकरदारांच्या दोन-तीन पिढ्यांचे उमेदीचे आयुष्य गेले. गाडीच्या खिडकीतून पूर्वेला दिसणारा तुंगारेश्वरचा डोंगर मात्र अनेकांच्या बाबतीत ‘पुढे कधीतरी’च्या यादीतच राहिला. हा उशिरा निघालेला प्रवासी मराठी प्रवासलेखनात कोठे आणि कोणत्या रूपात आढळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीर्थाची परवानगी

आपल्या परंपरेत उतारवय आणि प्रवास यांचे नाते जुने आहे. संसाराची जबाबदारी पुढच्या पिढीकडे सोपवून काशीयात्रेला निघणे हा समाजमान्य संकेत होता. निसर्ग या यात्रेत होताच. तथापि तो वाटेवर होता, उद्दिष्ट म्हणून नव्हता. नर्मदा परिक्रमेविषयीच्या मराठी लेखनात ही दृष्टी ठळकपणे दिसते. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या ग्रंथाने पन्नाशी उलटलेल्या असंख्य वाचकांना परिक्रमेची ओढ लावली. या ग्रंथातील नदी ही ‘मैया’ आहे. जंगल, उन्हाळा, उपासमार ही सारी तिने घेतलेल्या परीक्षेची अंगे होत. श्रद्धेच्या भूमिकेतून हे सुसंगत आहे. परंतु येथे निसर्ग साधन ठरतो, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

असे असले तरी तीर्थयात्रेच्या चौकटीला सरसकट कमी लेखणे अन्यायाचे होईल. घराचा उंबरठा ओलांडण्यासाठी वृद्ध स्त्रीला मिळणारी एकमेव निर्विवाद परवानगी कित्येक घरांत तीर्थाचीच होती. ‘तुंगारेश्वरला महादेवाच्या दर्शनाला जाते’ असे सांगणाऱ्या आजीला पावसाळ्यातले ओढे आणि ओली झाडी दिसतच असते. ती केवळ तसे बोलून दाखवत नाही. हे न बोललेले निसर्गदर्शन आपल्या समीक्षेने कधी गांभीर्याने ऐकलेले नाही.

सहलीची सोय

विसाव्या शतकाच्या अखेरीस संघटित सहलींनी ही परवानगी अधिक सैल केली. पर्यटन संस्थांनी ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सहली आखल्या. भाषा, जेवण, औषधे, सोबत यांची चिंता मिटल्यामुळे पूर्वी घरीच राहिली असती अशी माणसे हिमशिखरांपर्यंत पोहोचली. हे योगदान मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ठरावीक स्थळ, ठरावीक वेळ आणि छायाचित्र या क्रमात स्थळ ‘झाले’ की संपते. पाहणाऱ्याच्या वयाने त्याच्या दृष्टीत जी भर घातलेली असते, तिला तेथे वाव मिळत नाही.

याउलट मीना प्रभु (१९३९-२०२५) यांचे उदाहरण लक्षणीय आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या लेखिकेने आयुष्याच्या उत्तरार्धात प्रवासलेखनाला वाहून घेतले. ‘माझं लंडन’पासून ‘दक्षिणरंग’पर्यंतचा त्यांचा प्रवास स्वतःच्या जिज्ञासेने आखलेला आहे. प्रौढ वयातील जिज्ञासा ही तरुण जिज्ञासेची क्षीण आवृत्ती नसते, हे त्यांच्या लेखनाने सिद्ध केले.

तिसरी वाट

तीर्थ आणि सहल यांच्या पलीकडची वाट शोधताना मराठीच्या शेजारी डोकवावे लागते. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. त्यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने चालावयास प्रारंभ केला. नोकरी व संसार सांभाळून ते तुकड्यातुकड्यांनी चालले. एका वेळी काही दिवस चालावयाचे, घरी परतावयाचे आणि पुढील खेपेस जेथे थांबलो तेथून निघावयाचे, असा त्यांचा क्रम होता. सत्तरीच्या सुमारासही पत्नीसमवेत त्यांचे चालणे सुरूच होते. त्यांनी नदीकडे पुण्यासाठी नव्हे, तर सौंदर्यासाठी पाहिले. वाटेत रेखाटने केली, माणसे टिपली.

या खंडपरिक्रमेत उतारवयाला साजेशी एक प्रवासपद्धती दडलेली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती शरीराची मर्यादा लपवत नाही. उलट त्या मर्यादेलाच प्रवासाची लय करते. थांबणे हा तिथे पराभव ठरत नाही. मराठी समीक्षा मात्र प्रवासवर्णनाचे मोल बहुधा अंतर, साहस आणि नावीन्य यांवरून ठरवत आली. जवळचे स्थळ पुनःपुन्हा पाहणे हे मूल्य तिने उपेक्षिले. वस्तुतः दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे अशाच पाहण्यातून घडले. क्षेत्रकार्यात झालेल्या विषबाधेने आलेले दीर्घ आजारपण त्यांनी सोसले होते. त्यानंतर लिहिलेल्या या पुस्तकात प्रवास आहे तो बारा महिन्यांचा.

न थांबणारे स्थळ

वेगडांच्या अनुभवात आणखी एक कठोर सत्य आहे. जबलपूर ते मंडला या त्यांच्या पहिल्या वाटेचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयात बुडाला. ते आणखी काही वर्षे थांबले असते, तर ती वाट त्यांना दिसलीच नसती. प्रारंभी उल्लेखिलेले दुसरे गृहीत येथे कोसळते. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर लोकसंख्या नोंदवलेल्या वसई-विरारमध्ये बावखले, मिठागरे आणि पाणथळी यांचे काय झाले, हे येथील वाचकांस वेगळे सांगावयास नको. तुंगारेश्वरला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्रत्येक ओढ्याला, प्रत्येक बावखलाला असे संरक्षण लाभत नाही.

शिवाय ‘उशिरा निघण्याची निवड’ ही सर्वांस उपलब्ध नसते. निवृत्तिवेतन हा तिचा मूक आधार आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यशासनाच्या सेवेत आलेल्यांना वेगळी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, हे ध्यानात घेता ‘पुढे फिरू’ हे आश्वासन आपल्या पिढीस पूर्वीइतक्या खात्रीने देता येणार नाही. असंघटित कामगारास तर ते कधीच देता आले नव्हते.

समारोप

उतारवयातील निसर्गदर्शनाला तीर्थाने परवानगी दिली, सहलीने सोय दिली. खंडपरिक्रमेने त्याला पद्धती दिली. ही पद्धती कमी खर्चाची, जवळची आणि आजपासून आरंभ करता येण्याजोगी आहे. पस्तीस वर्षे लोकलने प्रवास केलेल्या माणसाने साठीत तुंगारेश्वरची पायवाट थोडीथोडी चालून लिहिलेले टिपण मराठी प्रवासलेखनात अद्याप अभावानेच आढळते. आपल्या महाविद्यालयांतील निवृत्त सहकाऱ्यांनी ते लिहावे आणि समीक्षेने ते ‘किरकोळ’ म्हणून बाजूस सारू नये. लिहिण्यासाठी निवृत्तीची वाट पाहता येईल; पाहण्यासाठी मात्र ती पाहू नये.