बेने इस्राएलांची मराठी आणि वारसारक्षणाचा प्रश्न

ज्यू संस्कृतीच्या वारशाचे रक्षण हा विषय निघाला म्हणजे सामान्यतः वास्तूंची चर्चा होते. युरोपात १९९९ पासून ज्यू संस्कृतीचा विशेष दिवस पाळला जातो, आणि त्या दिवशी अनेक देशांतील जुनी प्रार्थनामंदिरे व दफनभूमी लोकांसाठी खुल्या केल्या जातात. भारतातही हीच दृष्टी प्रभावी आहे. कोचीचे १५६८ मधील परदेशी सिनेगॉग, पुण्याचे 'लाल देऊळ', मुंबईतील जीर्णोद्धार झालेले 'केनेसेथ एलियाहू' ही स्थळे परिचित आहेत, आणि त्यांची निगा राखली जाणे इष्टच होय. परंतु ज्या ज्यू समाजाची मातृभाषा शतकानुशतके मराठी होती, त्या बेने इस्राएल समाजाचा वारसा दगडविटांत जितका आहे, त्याहून अधिक तो शब्दांत आहे. हा शब्दवारसा जतन करण्याचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने विचारात घेतलेला नाही.

बेने इस्राएल हे कोकणचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून बचावलेल्या सात जोडप्यांपासून आपला विस्तार झाला, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कुलाबा जिल्ह्यातील गावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे, तेल गाळण्याचा पिढीजात व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे मिळालेले 'शनिवार तेली' हे नाव, या सर्वांतून त्यांचे येथील जीवनाशी झालेले एकरूपत्व दिसते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. त्यालाही समाजाच्या बोलीत 'मशीद' असेच म्हटले जाई.

या समाजाचे भाषिक वैशिष्ट्य त्याच्या सणांच्या जुन्या नावांत सर्वांत स्पष्ट दिसते. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा, म्हणजे किप्पूरचा, तो 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण करावयाचा दिवस तो 'बिरड्याचा सण', आणि पुरीम तो 'होळीचा सण'. एक महिनाभर पाळावयाच्या उपवासांना 'रमजान' हा शब्द रूढ होता. वल्हांडणाच्या सणाचे 'अनाशी ढाकाचा सण' हे नाव तर विशेष मननीय आहे. 'अनास' म्हणजे आंबट कालवणाचे भांडे, आणि ते या सणात झाकून ठेवावयाचे. आंबवलेला पदार्थ घरात वापरू नये ही मूळ धर्माज्ञा. ग्रंथाशी संबंध तुटलेल्या काळातही ती आज्ञा या समाजाने स्वयंपाकघरातील एका भांड्याच्या रूपाने स्मरणात ठेवली.

ही नावे केवळ हिब्रू नावांचे मराठी पर्याय नव्हेत. त्यांत तीन भिन्न प्रक्रिया दिसतात. काही नावे आचारावरून पडली, काही अन्नावरून पडली, आणि काही शेजारच्या समाजांच्या पंचांगातून उसनी घेतली गेली. पहिल्या दोन प्रकारांत धर्माची स्मृती कृतीत साठवलेली आहे. तिसऱ्यात ती परिसराशी जुळवून घेतलेली आहे. 'होळी' आणि 'रमजान' हे दोन शब्द एकाच समाजाच्या धर्मजीवनात शेजारी शेजारी नांदावेत, ही घटना कोकणातील सहजीवनाचा एखाद्या शिलालेखाइतका सबळ पुरावा होय.

या नावांची माहिती अभ्यासकाला मुख्यतः हायम सॅम्युअल किहीमकर यांच्या समाजेतिहासातून मिळते. किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा स्थापन केली. त्यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथाचे मोल वादातीत आहे. तथापि तो इंग्रजीत आहे, आणि त्यातील मराठी शब्द रोमन लिपीत आहेत. त्या लिपीच्या सामान्य लेखनात 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांना वेगळी चिन्हे नसतात. वऱ्हाडी बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'पाणी'चे 'पानी' होते, हे जाणणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला या त्रुटीचे गांभीर्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बोलीची ओळख ज्या वर्णांवरून पटावयाची, नेमके तेच वर्ण या नोंदीत अस्पष्ट राहिले आहेत. 'दारफाळणी' की 'दारफाळनी', हे केवळ छापील अक्षरावरून ठरत नाही. शिवाय 'फाळणी' या शब्दाचा विभागणी हाच अर्थ आजच्या वाचकाला परिचित आहे. दारे लावून घरात राहण्याचा दिवस, हा अर्थ समाजाने स्वतः सांगितला म्हणूनच कळतो. शब्द वाचला आणि त्याचा वापर हरपला, तर कोशही निरुपयोगी ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

लिखित वाङ्मयाची स्थिती याहून निराळी आहे. अमेरिकन मिशनच्या शाळा आणि १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन यांच्या प्रयत्नांतून या समाजात हिब्रूचे अध्ययन वाढले. विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु परिणाम उलट झाला. हिब्रू शिकलेला समाज आपल्याच धर्मग्रंथांकडे वळला आणि ते मराठीत आणू लागला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती प्रसिद्ध झाली. जोसेफ एझकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली.

हग्गादेच्या भाषांतराचे मूल्यमापन करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मिसर देशातील दास्यातून सुटका कशी झाली, हे मुलाला सांगावे, ही या ग्रंथाची मूळ प्रेरणा आहे. ऐकणाऱ्याला कळले नाही तर विधी निष्फळ ठरतो. म्हणून येथे भाषांतर हे विद्वत्तेचे अलंकरण नसून विधीचेच अंग बनते. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. चित्रकाराला जे साधले, तेच भाषांतरकारांसमोरचे कार्य होते, ते म्हणजे मिसरची कथा कोकणच्या माजघरात आणणे. हिब्रू मजकुराशेजारी मराठी छापल्याने वाक्यरचनेवर मूळाचा दाब पडणे अपरिहार्य असते. अशा मराठीला कृत्रिम ठरवून बाजूला सारणे हा टीकेचा सोपा मार्ग झाला. ग्रंथभाषा आणि घरभाषा यांच्यामधील ताण तीत कोठे कोठे प्रकट होतो, हे शोधणे हाच खरा अभ्यास होय.

वाङ्मयदृष्ट्या सर्वांत लक्षणीय निर्मिती कीर्तनाची. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर व त्यांचे सहकारी यांनी हरिदासी कीर्तनाचा घाट स्वीकारून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे गाण्यास आरंभ केला. साकी, दिंडी, पदे ही सामग्री तीच, आख्यान मात्र बायबलातील. ही केवळ नक्कल होती काय? मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या धर्मात गणेश-शारदेच्या वंदनेला स्थान असणे शक्य नव्हते. सगुण रूपाच्या वर्णनावर पोसलेली पदरचना निराकार ईश्वराच्या स्तवनाकडे वळवणे भाग होते. ईश्वराचे वर्णन करता येत नाही, तेव्हा वर्णनाचा सारा भार त्याच्या कृत्यांवर आणि भक्ताच्या परीक्षेवर पडतो. त्यामुळे या कीर्तनात आख्यान प्रबळ होणे स्वाभाविक ठरते. कीर्तनाचा घाट कोणत्याही एका दैवताशी बांधलेला नसून तो कथनाची एक स्वतंत्र मराठी पद्धती आहे, हे या प्रयोगाने सिद्ध केले. मराठी कीर्तनाच्या इतिहासात ही नोंद अंतर्भूत झाल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होत नाही.

फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' आणि शेख महंमदांची रचना यांना मराठी वाङ्मयेतिहासाने आपले मानले. बेने इस्राएलांच्या लेखनाला तितके स्थान मिळालेले नाही. यास केवळ उपेक्षा हे एकच कारण देणे अन्यायाचे होईल. हे लेखन मुख्यतः समाजांतर्गत वाचकांसाठी होते. त्यापेक्षाही महत्त्वाचे कारण समाजाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणेने जुन्या कोकणी नावांच्या जागी 'पेसाह', 'किप्पूर' ही शास्त्रशुद्ध नावे आणली. पुढे इस्राएलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात या समाजाच्या ज्यूपणाविषयी शंका उपस्थित केली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथील संसदेने समान हक्कांचा निर्वाळा दिला. ज्या समाजाला आपले ज्यूपण सिद्ध करावे लागते, तो आपल्या सणाचे 'होळी' हे नाव अभिमानाने कसे मिरवणार? येथे वारसारक्षणातील मूळ पेच प्रकट होतो. ज्यू वारशाच्या संवर्धनानेच त्या वारशाचा मराठी थर पुसला गेला. हा समाजाचा दोष नव्हे, परंतु त्यामुळे झालेली हानी नाकारताही येत नाही.

ही हानी भरून काढण्याची वेळ मर्यादित आहे. १९५१ मध्ये भारतात वीस हजारांहून अधिक ज्यू होते, तर २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या पाच हजारांच्याही आत आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तथापि दर्जाने बोली टिकत नाही. इस्राएलमध्ये स्थलांतरितांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले, हे भाषाप्रेमाचे द्योतक खरे, परंतु पुढील पिढीची घरभाषा हिब्रू होणे अटळ होते.

अशा प्रसंगी भाषाविभागाने काय करावे, याचे उदाहरण केरळात आहे. कोचीच्या ज्यू स्त्रियांनी आपली मल्याळम गीते वह्यांत उतरवून ठेवली होती. मल्याळमचे प्राध्यापक स्कारिया झकारिया यांनी ओफिरा गमलिएल यांच्यासमवेत त्यांचे संपादन केले आणि २००५ मध्ये 'कार्कुळली' हा संग्रह मल्याळम व हिब्रू या दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. युरोपात १९२५ मध्ये विल्ना येथे स्थापन झालेल्या यिद्दिश संस्थेनेही म्हणी, गाणी व शब्द गोळा करण्याचे काम गावोगावच्या सामान्य माणसांवर सोपवले होते. महायुद्धात तो समाज नष्ट झाला. त्यापूर्वी जे टिपले गेले होते, त्यातील काही भागच वाचू शकला.

वऱ्हाडला हे कार्य परके वाटू नये. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत मठांच्या आश्रयाने सुरक्षित राहिले होते. ते ग्रंथ मराठीचे सामाईक धन झाले, ते यवतमाळचे य. खु. देशपांडे, बुलढाणा जिल्ह्यातून आलेले वि. भि. कोलते यांसारख्या संशोधकांनी लिपी, पाठ व संप्रदायाची परिभाषा यांचा एकत्र अभ्यास केला म्हणून. ज्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, तेथेच अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासाकडे दिलेले लक्षही याच परंपरेत मोडते. अल्पसंख्य संप्रदायाचे वाङ्मय मुख्य प्रवाहात कसे आणावे, याची पद्धती या प्रदेशाने घडवलेली आहे.

दोन्हींमध्ये एक भेद मात्र आहे. महानुभावांची लिपी गूढ होती, पण संप्रदाय जिवंत असल्याने अर्थ सांगणारे महंत उपलब्ध होते. बेने इस्राएलांचे मुद्रित मराठी साहित्य देवनागरीत आहे, अक्षर वाचता येते, परंतु अर्थ सांगणारी माणसे विरळ होत आहेत. म्हणून क्रमही बदलला पाहिजे. आधी बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण, उच्चारासह देवनागरी नोंद आणि शब्दाच्या वापराची चौकशी व्हावी, मग मुद्रित हग्गादा व कीर्तने यांची पाठचिकित्सा व्हावी, आणि शेवटी वाङ्मयेतिहासातील स्थाननिश्चिती. जुन्या वाचनालयांतील एकोणिसाव्या शतकाच्या मराठी ग्रंथांच्या याद्या या दृष्टीने पुन्हा तपासणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. सिनेगॉगची इमारत पडली तर ती पुन्हा उभारता येते. 'अनास' झाकताना घरातील वडीलधारी स्त्री नेमके काय म्हणत असे, हे सांगणारे कोणी उरले नाही, तर त्याचा जीर्णोद्धार कोणत्याही निधीने होणार नाही.