कानांत बोटं घालून पळणारा माणूस

जॉन बनयनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ची सुरुवात विचित्र आहे. एका माणसाच्या हातात पुस्तक आहे आणि पाठीवर जड ओझं. आपलं शहर जळून खाक होणार, हे त्याला पुस्तकातून कळलंय. तो बायकोला सांगतो, पोरांना सांगतो. त्यांना वाटतं, याचं डोकं फिरलंय, रात्रभर झोपला की सकाळी ठीक होईल. तो ठीक होत नाही. एके दिवशी घर सोडून पळत सुटतो. बायको आणि पोरं मागून हाका मारत राहतात. हा कानांत बोटं घालतो, अनंत जीवनाचा पुकारा करतो आणि मागं न बघता धावतो.

पुस्तक १६७८चं. हरी केशवजींनी ते ‘यात्रिक क्रमण’ नावानं १८४१मध्ये मराठीत आणलं. म्हणजे मराठीत कादंबरी नावाची गोष्ट रुजायच्या आधीच हा कानांत बोटं घातलेला माणूस आपल्याकडे येऊन पोचला होता. ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर सोळा वर्षांनी आलं.

आमच्या इस्लामपुरात रविवारच्या उपदेशात हा माणूस नावानं येत नाही, पण त्याचा विचार येतो. क्षणाच्या सुखामागं लागू नका, अनंतकाळ डोळ्यांपुढं ठेवा. जे दिसतं ते थोड्या दिवसांचं, जे दिसत नाही ते कायमचं. लहानपणापासून ऐकल्यामुळे मला ही शिकवण पाठ आहे. आणि ती सांगायची जी नेहमीची पद्धत आहे, ती मला पटत नाही, हेही बरीच वर्षं झालं आहे. शिकवणीबद्दल मी तसं म्हणणार नाही.

नेहमीची पद्धत म्हणजे हिशेब. आज थोडं सोडा, पुढं खूप मिळेल. बनयनच्या पुस्तकातही दोन पोरांचं एक चित्र आहे. एकाला सगळं आत्ताच हवंय. त्याला पैशाची थैली मिळते, तो ती उधळतो आणि अंगावर चिंध्या उरतात. दुसरा शांत बसून वाट बघतो. चित्र छान आहे, पण आमच्या वाळवा तालुक्यात ते कुणाला नवीन वाटणार? आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावायचा आणि तुटायला सोळा-अठरा महिने थांबायचं. आत्ता खर्च, बिल नंतर. ‘थांबला तर जास्त मिळेल’ एवढंच सांगायचं असेल, तर त्यासाठी देवाची गरज नाही, साखर कारखाना पुरतो. स्वर्ग ही लांब मुदतीची ठेव आणि पाप म्हणजे मुदतीआधी मोडलेली ठेव, असं समीकरण ऐकून माणूस धार्मिक होत असेल असं मला वाटत नाही. फार तर सावध होतो.

मूळ गोष्टी नीट वाचल्या तर त्या हे समीकरण मोडतात. लूकच्या शुभवर्तमानातला मूर्ख श्रीमंत घ्या. त्याच्या शेतात उदंड पीक आलं. तो काय करतो? उधळत नाही, दारू पीत नाही, जुगार खेळत नाही. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो. पुष्कळ वर्षांची सोय लावतो आणि मग आपल्याच जिवाला म्हणतो, आता आराम कर, खा, पी. त्याच रात्री त्याचा जीव जातो. उपदेशक याला चंगळखोर म्हणून मोकळे होतात. पण हा माणूस क्षणात जगणारा नाहीच. तो पक्का नियोजन करणारा आहे. सुख त्यानं पुढं ढकललंय! त्याची खोट दुसरीकडे आहे: त्या सबंध गोष्टीत तो फक्त स्वतःशी बोलतो. पीक काढणारे मजूर नाहीत, शेजारी नाही, बायको नाही. कोठारं भरलेली आणि ऐकायला कुणी नाही.

क्षणिक सुखाची खरी गोष्ट एसावची आहे. शिकारीहून दमून आला आणि मसुराच्या आमटीच्या एका ताटासाठी थोरलेपणाचा हक्क भावाला विकून बसला. (मला एसावची कायम दया येते. भूक लागल्यावर वारसाहक्काचं महत्त्व पटवून देणं अवघड असतं. आणि भावानं तरी त्या वेळी सौदा कशाला करायचा?)

आता तुम्ही म्हणाल, बायबलच्या गोष्टी झाल्या, साहित्याचं काय? तर माझ्या मते या शिकवणीची मराठीतली सगळ्यांत खरी परीक्षा एका आत्मचरित्रात झाली आहे. ते पुस्तक धर्मशिक्षणाचं म्हणून कुणी वाचत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

मागची माहिती थोडक्यात. नारायण वामन टिळक १८६१चे, लक्ष्मीबाई १८६८च्या, लग्न १८८०मध्ये. १८९३मध्ये टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक परदेशी सहप्रवासी भेटला आणि त्यानं नवा करार हातात ठेवला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तेच प्रवचन, ज्यात कसर आणि जंग लागेल असं धन साठवू नका म्हटलंय आणि उद्याची चिंता करू नका असंही म्हटलंय. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात विचारून घेतलेला हा निर्णय नव्हता. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे होत्या, पदरात लहानगा दत्तू.

इथं बनयनची सुरुवात पुन्हा आठवा. कानांत बोटं घालून धावणारा माणूस आपल्याला दिसतो, कारण पुस्तक त्याच्यासोबत धावतं. दारात उभी राहून हाका मारणारी बाई मागं राहते. बनयनलाही ते खटकलं असावं, कारण १६८४मध्ये त्यानं दुसरा भाग लिहिला आणि त्यात बायको पोरांना घेऊन त्याच वाटेनं निघते. पण तो भागही बनयननंच लिहिलाय. ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेला दुसरा भाग आहे, असं मी म्हणतो. आणि तिची लेखणी बनयनपेक्षा मिश्कील आहे.

ती पहिल्या पानांपासूनच मिश्कील आहे. १८५७च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानं वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात आलेली प्रत्येक गोष्ट धुवायची, मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ‘शाश्वत’ गोष्टीसाठी घरातल्यांचा छळ करणारा पहिला पुरुष टिळक नव्हे. वडील शुद्धतेसाठी घर वेठीला धरत होते, नवरा सत्यासाठी. दोघांवरही लिहिताना ती चिडलेली नाही, आणि भारावलेलीही नाही. सगळा तपशील देते आणि निकाल वाचकावर सोडते.

टिळकांना उद्याची चिंता नव्हती, हे अक्षरशः खरं होतं. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे. मनात आलं की घरातून निघून जायचं. कुणी उपाशी दिसलं की घरी आणायचं. प्रवचनातलं वाक्य हा माणूस जगत होता. प्रश्न इतकाच, की उद्याची चिंता न करणाऱ्या माणसाच्या घरी उद्या सकाळी चूल कोण पेटवतं? लक्ष्मीबाई हा प्रश्न असा विचारत नाहीत. त्या डाळ-तांदूळ सांगतात, भांडणं सांगतात, गहाण पडलेलं आणि हरवलेलं सांगतात, आणि आपण हसत हसत मध्येच थांबतो. अनंतकाळाकडं डोळे लावून बसलेल्या माणसाच्या वाट्याचा वर्तमानकाळ दुसरं कुणीतरी सांभाळत असतं. पुस्तकात हे वाक्य कुठंही नाही. पण त्याशिवाय पुस्तकाचं एक पानही उभं राहत नाही.

एवढ्यावर थांबलो तर टिळकांवर अन्याय होईल. सध्या जुन्या पुरुषांना एका परिच्छेदात निकालात काढायची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. टिळकांनी बायकोला वाचायला-लिहायला शिकवलं. धर्मांतरानंतर चार-पाच वर्षं तिची वाट बघितली. ती परत आली तेव्हा ख्रिस्ती आवारात स्वतःचं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक सांभाळून राहिली. १९००मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या गतीनं. दुष्काळातली पोरकी मुलं त्या घरात वाढली, प्लेगच्या काळात नगरला दोघांनी रोग्यांची सेवा केली. उद्याची पक्की सोय लावून बसलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं, कारण त्याला आधी कोठार बांधायचं असतं. तेव्हा टिळकांचा बेहिशेबीपणा हा एकाच वेळी त्या घराचा शाप होता आणि त्या घराचं मोठेपणही. दोन्ही वेगळं काढता येत नाही. लक्ष्मीबाईंनाही ते काढता आलं नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्न केला नाही हे फार बरं झालं.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातपात, पंथ न बघता ख्रिस्ताच्या मागं येणाऱ्यांचा मेळा, अशी कल्पना. आमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा १९४९मध्ये वेगळा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६०चं. कराड ओलांडून इथून दीड-दोन तासांत साताऱ्याला पोचता येतं. असं असूनही इथल्या वाचणाऱ्या पोरांना टिळक म्हटलं की फक्त लोकमान्य आठवतात. दरबार फार चालला नाही, कारण ९ मे १९१९ला टिळक वारले. दोन वर्षांपेक्षा कमी. अनंतकाळासाठी उघडलेल्या संस्थेला एवढाच काळ मिळाला.

मला खरा घोळ वाटतो तो टिळकांच्या कवितेत. या माणसाला मराठी वाचकांनी कोणतं नाव दिलं? फुला-मुलांचे कवी. म्हणजे जगातल्या सर्वांत क्षणभंगुर दोन गोष्टी! फूल संध्याकाळी कोमेजतं, मूल चार वर्षांत मूल राहत नाही. त्यांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत एक घायाळ पक्षीण आहे. ती मरते आहे, आणि जिवाच्या आकांतानं पडत-उठत घरट्याकडं जाते, कारण तिथं पिल्लं आहेत. तिला बनयनच्या माणसाशेजारी ठेवून बघा. तो जीव वाचवायला पिल्लांपासून दूर धावतो, ही जीव जात असताना पिल्लांकडं धावते. माणूस म्हणून टिळक पुष्कळदा बनयनच्या माणसासारखे वागले. कवी म्हणून ते पक्षिणीच्या बाजूचे होते. चरित्रकारांनी यातला संन्यासी उचलला, पाठ्यपुस्तकांनी पक्षीण उचलली, आणि दोघांना समोरासमोर बसवायचं काम राहून गेलं.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक सांगत. हे विसरून चालत नाही. देह जाणार, काळ टपून बसलाय, हे मराठी माणसाला मिशनऱ्यांनी येऊन सांगावं लागलं नाही. दर आषाढीला ते टाळांवर ऐकू येतं. पण वारकरी घर जाळून पंढरीला जात नाही. तो पेरणी उरकून जातो आणि परत येतो. टिळकांच्या ख्रिस्ती विचारात हा परत येणारा भाग थोडा कमी पडला, असं माझं मत आहे. तो लक्ष्मीबाईंनी भरला.

तो कसा, ते टिळकांच्या मृत्यूनंतर दिसतं. ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत सांगायचं म्हणून टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं होतं. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. पुढचं सगळं काव्य, म्हणजे बहुतेक ग्रंथ, लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. मधल्या काळात मुंबई झाली, कराची झाली, लेकाचा संसार झाला, आणि या सगळ्यातून वेळ काढून तिनं नवऱ्याचा अपुरा राहिलेला अनंतकाळ ओवी-ओवीनं पुरा केला.

त्याच वर्षांत ती ‘स्मृतिचित्रे’ लिहीत होती. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग निघाले. म्हणजे एका वहीत प्रभूचं चरित्र आणि दुसरीत धुतलेलं मीठ, फसलेले बेत, नवऱ्याचे राग, पोरांची दुखणी. पहिली वही भक्तीची आणि दुसरी प्रपंचाची, अशी वाटणी समीक्षेनं केली आणि पहिली जवळपास विसरली. मला ही वाटणी कृत्रिम वाटते. क्षणाकडं इतक्या बारकाईनं, इतक्या प्रेमानं आणि स्वतःचं हसं करून घेत बघायला मनात बरीच मोठी मोकळीक लागते. हा क्षण गेला तर सगळं गेलं, अशा धास्तीत जगणाऱ्याला तसं लिहिता येत नाही. तो फोटो काढतो, चढवतो, आणि पुढच्या क्षणाच्या मागं लागतो. आपण रोज तेच करतो, म्हणून हा फरक आपल्याला लगेच कळायला हवा.

‘स्मृतिचित्रे’त उणिवा आहेतच. बाप्तिस्म्याआधीचा आतला झगडा मला आणखी वाचायला हवा होता. घटना भराभर येतात, मन कधीकधी मागं राहतं. आणि विनोद इतका सवयीचा होतो की काही दुःखांवरून तो आपल्याला अलगद पुढं नेतो, तिथं थांबू देत नाही. गेलेल्या मुलांचे उल्लेख येतात तेव्हा हे फार जाणवतं. तिथं दोन ओळींत सांगून ती पुढं जाते. मी मात्र प्रत्येक वाचनात तिथं अडकतो.

१९३६च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. आत्मचरित्र अपुरंच होतं. त्याचा शेवट दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला. ‘ख्रिस्तायन’ १९३८मध्ये छापून निघालं. बापाचं काव्य आईनं पुरं केलं आणि आईचं गद्य मुलानं. ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयात सहज मिळतं. ‘ख्रिस्तायन’ मात्र तुम्हाला शोधावं लागेल.