वादे वादे जायते चहा

नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, गाण्याच्या बैठकीचं येतं. हल्ली मिसळीचंसुद्धा येतं, आणि त्यात तर्रीला नाटकातल्या नायिकेपेक्षा जास्त ओळी मिळतात. पण ज्या कलेवाचून आम्हा मध्यमवर्गीयांची एक संध्याकाळ सरत नाही, त्या वाद घालण्याच्या कलेचं रीतसर परीक्षण कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. ही उणीव आपणच भरून काढावी असं मनात आलं आणि ते मी घरात बोलून दाखवलं.

"त्यातलं तुम्हाला काय कळतं?" आमच्या हिने विचारलं.

आता, कळत नसलेल्या विषयावर बोलणं हाच तर या कलेचा पाया! तेव्हा माझी पात्रता घरातूनच सिद्ध झाली असं समजून सुरुवात करतो.

प्रयोगाचं स्थळ, आमच्या सोसायटीतली जिन्याजवळची सिमेंटची दोन बाकं. वेळ, संध्याकाळी साडेपाच ते डास चावेपर्यंत. नेपथ्यात एका अंगाला मीटरची खोली आणि दुसऱ्या अंगाला जिन्याखाली इस्त्रीवाल्या मामांचं टेबल. मामा कोळशाची इस्त्री फिरवत असतात आणि ऐकत असतात. बाकी प्रेक्षक म्हणाल तर एक मांजर.

कलाकार चार. नाना पाटबंधारे खात्यात हिशेब तपासत असत, म्हणून विज्ञान आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती त्यांच्याकडे. अण्णांनी बँकेत ३४ वर्षं लोकांची पासबुकं भरली, म्हणून शेअरबाजार त्यांचा. तात्या शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर झाडं काढून काढून हात बसलेला, म्हणून पर्यावरण त्यांना दिलंय. आणि मी विनोदी पात्र. वाद फार तापला की एक कोटी करायची आणि टाळी घ्यायची, एवढंच माझं काम. हे काम निरुपद्रवी असतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तिच्याकडे मी नंतर येतो.

नानांचं घराणं जुनं. धृपद एकच, "या शास्त्रज्ञांचं काय सांगता! रोज मत बदलतात." विषय कुठलाही असो, नाना फिरून याच समेवर येतात. अंड्यातला पिवळा बलक आधी वाईट, मग चालेल. कॉफी आधी वाईट, मग बरी. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायले, तो विषय निघाला की तर नाना उभेच राहतात. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा दुधात रंग घालून दाखवलं होतं. चमचा टेकवला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन अंगावरून खाली उतरतं. पांढरा ओघळ पटकन दिसत नाही, रंगीत दिसतो. मामला एवढाच. पण मी हे सांगितलं की नाना विचारतात, "मग दुसऱ्या दिवशी का नाही प्यायला?"

"दुसऱ्या दिवशी पाजायला गेलं कोण?" मी म्हणतो.

यावर नाना उत्तर देत नाहीत, नवा प्रश्न टाकतात. वादात उत्तर देणारा हरतो, हे त्यांना हिशेब तपासतानाच कळलेलं असावं.

आता या कलेतल्या हुकमी जागा सांगतो. पहिली, मेव्हणा. "माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत," असं म्हटलं की जगातली सगळी वैद्यकीय मासिकं एका बाजूला आणि ते गृहस्थ एका बाजूला. दुसरी, आकडा. साठ टक्के म्हणाल तर लोक शंका घेतात; साठ पूर्णांकानंतर एक टिंब द्या आणि पुढे चार म्हणा, माना डोलायला लागतात. टिंबानंतरचं कुणी उगाच कशाला बनवेल? आणि तिसरी जागा फार वरच्या पट्टीतली. आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून म्हणायचं, "यामागे कोण आहे ते बघा." मागे कोण आहे ते सांगायचं नसतं. आमच्या मागे मीटरची खोली आहे.

मी मात्र एकदा नानांचं धृपद खोडून काढायचं ठरवलं आणि तयारी करून गेलो. पोटातला अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो, असं ऐकतच आपण वाढलो. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांना वाटलं की यामागे एक जंतू आहे. कुणी मानेना. तेव्हा १९८४ साली मार्शलनी काय करावं? त्या जंतूंचा रस्सा भांड्यात घेतला आणि सरळ पिऊन टाकला. बायकोला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वैद्यकशास्त्र आहे तिथेच राहिलं असतं. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास, आणि आत नळी घालून पाहिलं तर जठराला सूज. आता, एका घोटात सगळं सिद्ध झालं असं नव्हे. पुढे वर्षानुवर्षं रोग्यांवर चाचण्या झाल्या आणि मग कुठे डॉक्टर मंडळींनी मत बदललं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

एवढं सगळं सांगून मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "बघा! बदललंच ना मत?"

तात्यांची तऱ्हा वेगळी. ते मत बदलत नाहीत, कारण त्यांच्याकडे एकच आहे: सगळं मोबाइलच्या टॉवरमुळे. चिमण्या टॉवरमुळे, उकाडा टॉवरमुळे, गिधाडंही टॉवरमुळे. गिधाडांची हकिगत वास्तविक फार सांगण्यासारखी आहे. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ एवढ्या काळात हजारात एखादंच उरलं. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी मंडळींना अंत्यविधीचं काय करावं हा प्रश्न पडला. शास्त्रज्ञांनाही आधी वाटलं होतं की कसली तरी साथ असावी. मग मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली आणि २००४ साली गुन्हेगार सापडला. डायक्लोफेनॅक! दुखणाऱ्या गुरांना देतात ते औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली आपल्या सरकारने गुरांसाठी ते बंद केलं. साथीचा तर्क शास्त्रज्ञांनी सोडून दिला, कारण मूत्रपिंडं निराळंच सांगत होती. तात्यांनी टॉवर सोडला नाही. त्यांना कुणाची मूत्रपिंडं तपासायची नव्हती.

राहिले अण्णा. "पैसा झोपवून ठेवू नका, पळवा!" हे त्यांचं वाक्य ऐकलं की खिशातली नाणीसुद्धा धावायला लागतील. हल्ली त्यांचा मुक्काम ऑप्शनवर असतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केला की फ्यूचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी तीन वर्षांत १०० पैकी ९३ जण तोट्यात गेले आणि मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक घालवून बसले. मी तो अण्णांपुढे ठेवला. अण्णा म्हणाले, "तुम्ही त्या ९३ जणांकडे बघता, मी सातांकडे बघतो." टाळी पडली. पुढच्या आठवड्यात अण्णांना कसलासा फॉर्म भरून द्यायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं, की अण्णांचा सगळा पैसा पोस्टात आणि मुदत ठेवीत गाढ झोपलेला आहे. पळवायचा तो दुसऱ्याचा.

इथे या कलेचं मर्म माझ्या हाती लागलं. बोलणं आणि वागणं ही दोन स्वतंत्र खाती आहेत, एकाचा कागद दुसऱ्याकडे जात नाही. आणि हे मला अण्णांच्या आधीच कळायला हवं होतं. कारण २०२१ साली मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना कोरोनाची लस मिळायला लागली. कट्ट्यावर लसीची अशी काही सालं काढली होती आम्ही, की विचारू नका. दुसऱ्या आठवड्यात मी गुपचूप केंद्रावर गेलो, तर रांगेत माझ्या पुढे घडीची खुर्ची घेऊन नाना! "आलोय आपलं सहज, निरीक्षणाला," ते म्हणाले. बाही वर केलेली होती. मागून अण्णा आले. तेवढ्यात दंडावर कापूस दाबत तात्या बाहेर पडले. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि न बोलता ठरलं की हे कट्ट्यावर काढायचं नाही.

मग २२ मार्चला कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर चार ते सहा आठवड्यांवरून चार ते आठ केलं. अंतर वाढवलं तर लस जास्त गुण देते, असं चाचण्यांत दिसलं होतं. म्हणजे पुन्हा तेच. माहिती वाढली, मत बदललं. पण नानांचं धृपद सुरू झालं, सगळेच रंगात आले, आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, नाटक चालत नाही म्हणून मध्यंतर वाढवलंय. तेवढेच वडे खपतील!"

काय हशा पिकला! मामाही हसले. इस्त्री हातात तशीच धरून हसले, ते मला अजून दिसतं.

१ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. मामा ५२ वर्षांचे. ते गेले नाहीत. एप्रिलच्या अखेरीस आजारी पडले. सतरा दिवस इस्पितळात, त्यातले बरेच प्राणवायूवर. मामींच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या. जूनमध्ये मामा परत आले ते टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायला. उभं राहिलं की धाप लागायची. इस्त्री मुलाच्या हातात.

मी शर्ट द्यायला गेलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, लस घेतली नव्हतीत का?"

"नाही साहेब. तुमच्यात बोलणं चालायचं ना, त्यांचं त्यांनाच अजून कळलेलं नाही म्हणून. म्हटलं, शिकलेली माणसं म्हणतायत, थांबावं जरा." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुम्ही घेतली होती का?"

"हो."

"कधी?"

"मार्चमध्ये."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मुलाला म्हणाले, "साहेबांच्या शर्टाची कॉलर नीट काढ."

लस घेतली असती तर मामांचं दुखणं टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एवढ्या थोड्या दिवसांत एका मात्रेने किती सावरलं असतं, कोण सांगणार! पण मार्शलनी निदान भांडं स्वतःच्या तोंडाला लावलं होतं. आम्ही ते मामांच्या हातात दिलं आणि स्वतः चहा घेतला.

कट्टा अजून भरतो. मामांना आता उभं राहायचं नसल्यामुळे ऐकायला भरपूर वेळ असतो. परवा नाना रंगात आले होते. रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे निव्वळ धंदा आहे, सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या पुरतात, वगैरे. खुर्चीतून मामांनी हळूच विचारलं, "नाना, तुम्ही काय घेता?"

नानांनी घसा खाकरला. वर पाहिलं, मीटरच्या खोलीकडे पाहिलं. "मी..." ते म्हणाले, "मी गोळी घेतो."

वाद तिथेच संपला. साडेपाचाला सुरू झालेला प्रयोग पावणेसहाला आटोपण्याची ही कट्ट्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ. चहा लवकर आला. मामांना पहिला कप दिला.

मी मात्र घरी येऊन हिला सांगून टाकलं, की वादाचं परीक्षण हे माझं पहिलं आणि शेवटचं. त्यातलं खरंच कळणारा माणूस तिथे आधीपासून बसलेला आहे.