२६९ चौरस फूट : मराठी साहित्यातील घर आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे

समीक्षकाने एखादी कलाकृती कोणत्या ठिकाणी बसून वाचली, या गोष्टीला आपल्याकडे फारसे महत्त्व दिले जात नाही. आशयाची चर्चा होते, अभिव्यक्तीची होते, लेखकाच्या अनुभवविश्वाचीही होते. परंतु वाचणाऱ्याच्या खिडकीबाहेर त्या वेळी काय दिसत होते, हे कुणी विचारीत नाही. मला मात्र अलीकडे तो प्रश्न टाळता आलेला नाही.

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. त्या सुमारास मी सेमिनरीत शिकत होतो. नाटक पाहून आल्यावर आमच्या अभ्यासमंडळात मी त्यावर एक निबंधही वाचला. गतवर्षी फेब्रुवारीत तेच नाटक मी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर पुन्हा वाचले. समोर अकरा घरे होती आणि त्यांपैकी आठ घरांच्या दारांना कुलपे होती. या दोन वाचनांच्या दरम्यान माझे जे मतपरिवर्तन झाले, त्याचा हा लेखाजोखा आहे.

'अधांतर'चे कथानक वाचकांना परिचित असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. त्या संपाच्या राखेत बसलेल्या एका कुटुंबाची ही कथा. चाळीतील एक खोली, एक आई, तिचे तीन मुलगे आणि एक मुलगी. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा क्रिकेटच्या नादात स्वतःला विसरतो, तिसरा गुन्हेगारीच्या वाटेने जातो. माझ्या त्या वेळच्या निबंधात मी या नाटकाची प्रशंसा 'चाळीचे अस्सल चित्रण' अशा शब्दांत केली होती. भाषा अस्सल, माणसे अस्सल, खोलीही अस्सल. आज ते शब्द वाचताना संकोच वाटतो. नाटकाचे सामर्थ्य त्या अस्सलपणात नव्हते. ते यात होते की संपूर्ण नाटकभर खोली जागच्या जागी राहते आणि तरीही घर नाहीसे होत जाते. भिंती, दार, छप्पर यांना धक्का लागलेला नाही. गेला आहे तो पगार. पगार गेल्यावर त्या भिंतींच्या आत माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काहीच उरत नाही. घर ही वास्तू नव्हे, ती रोजगाराच्या आधाराने उभी राहणारी नात्यांची रचना आहे, हे पवारांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले. ते गिरणगावातच वाढले होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या लेखनाचा केंद्रबिंदू बहुतांशी तोच राहिला. ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'चे नावच लोअर परळच्या फिनिक्स मिलची आठवण करून देते. त्या गिरणीच्या जागी आज मॉल उभा आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'शी (१९५८) 'अधांतर'ची तुलना करून पाहण्याजोगी आहे. तेथेही चाळच आहे; परंतु ती शेजाराची चाळ आहे. भांडणे, भ्रमणमंडळे आणि उपासांचे प्रयोग यांच्या मागे एक निश्चिंती आहे, कारण बहुतेकांना महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे बांधून दिलेले आहे. अखेरच्या चिंतनात विनोद मावळतो आणि जाणाऱ्या शेजाराची हुरहूर तेवढी मागे राहते. या दोन कृतींमध्ये चार दशके आहेत. पहिलीत शेजार सुटतो तो मुले शिकून ब्लॉकमध्ये राहायला गेली म्हणून. दुसरीत तो सुटतो तो गिरणीचा भोंगा थांबला म्हणून. जयवंत दळवी यांच्या 'चक्र'पासून मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी'पर्यंत झोपडपट्टीचेही चित्रण मराठीत झाले. मुंबईच्या वस्त्यांविषयी आपल्या साहित्याने मौन पाळले, असे कुणालाही म्हणता येणार नाही.

या साहित्याने जे पाहिले त्याला पुढे जनगणनेनेही दुजोरा दिला. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अविभक्त ठाणे जिल्हा सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात १९५० साली साडेअठरा लाख माणसे होती, २०२० साली साडेसहा लाखही राहिली नाहीत. तेथे माणसे गेली आणि घरे ओस पडून कोसळली. आपल्याकडील तऱ्हा निराळी. परळ-लालबागला माणसे कमी झाली आणि इमारती उंच झाल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक महापालिकेचा, एक म्हाडाचा आणि एक मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती मर्यादित केली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांच्या वाट्याला आली ती २०१२ पासून निघू लागलेली सोडतीची घरे, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. खोली विकून किंवा सोडून निघालेली पुष्कळ कुटुंबे डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली.

येथवर आपले साहित्य आणि आपली समीक्षा बरोबर येते. विरार स्थानकावर मात्र दोघेही गाडीतून उतरतात. त्यापुढे, पूर्वेला घाट चढून गेल्यावर काय आहे, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

पुढे जव्हार आहे. एके काळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. १९१८ सालची नगरपालिका, जयविलास राजवाडा, आखीव रस्ते, थंड हवा. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि राजधानीचे तालुक्याचे गाव झाले. १९९२-९३ साली वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तालुक्याचे नाव देशभर झाले. त्यानंतर येथे अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाला तेव्हा मुख्यालयाचा मान रेल्वेकाठच्या पालघरला मिळाला. त्याच्याही पलीकडे मोखाडा. या तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणेचे धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

भात आणि नागली कापून झाली, दिवाळी उरकली, की या दोन्ही तालुक्यांतील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे खाली उतरतात. कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी शहरातल्या नाक्यावर. उचल आधीच घेतलेली असते. हंगामभर ती फेडायची. होळीला चार दिवस परत यायचे आणि पावसाच्या तोंडावर कायमचे, म्हणजे पुढील दिवाळीपर्यंत. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. पुढील जनगणनेची संदर्भतारीखही १ मार्च २०२७ अशीच ठरली आहे. अर्धे वर्ष आक्रसणाऱ्या आणि अर्धे वर्ष भरणाऱ्या वस्तीला कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

गृहनिर्माणाच्या धोरणाने तो प्रश्न सोपा करून घेतला आहे. त्याच्याजवळ एक माप आहे. २०१६ च्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. राज्याच्या शबरी आदिवासी घरकुल योजनेतही २६९ चौरस फूट. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ साली २२५ चौरस फूट ठरले, २००८ साली २६९ झाले, २०१८ पासून ३००. म्हणजे काही वर्षे मुंबईतील झोपडीवासी आणि मोखाड्यातील वारली यांच्या घराचे माप तंतोतंत एकच होते. एकाला शेत नाही, कणगी नाही. दुसऱ्याला गुरे आहेत, कोंबड्या आहेत, वर्षाचे भात ठेवावयाचे आहे. फुटपट्टी एकच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या घराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या घरांत गळते, साप शिरतो, एका ठिणगीने सारे जळते. पक्के घर मिळाले याचा आनंद मी लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. एका घरकुलाच्या गृहप्रवेशाला मी गेलो होतो. अनुदान सव्वा लाखाच्या आसपास. त्यात घर पुरे होईना, म्हणून मुलाने भट्टीवरून जास्तीची उचल घेतली. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर आठवड्याभरात मुलगा, सून आणि नातवंडे निघून गेली. ज्या घरासाठी उचल घेतली त्या घरात राहण्याची सवड त्या उचलीनेच हिरावून घेतली. मागे राहिली ती म्हातारी आई. काही दिवसांनी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती नव्या घराला कुलूप घालून शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात बसली होती. मी विचारले, "आजी, नव्या घरात का नाही बसत?" ती म्हणाली, "पत्र्याखाली लय तापतं. आन् फादर, घर पक्का झाला, पन बोलाया कोन नाय."

त्याच दुपारी मी 'अधांतर' उघडले आणि माझ्या जुन्या निबंधातली चूक मला दिसली. लालबागच्या त्या आईचे आणि या आजीचे दुःख एकाच जातीचे आहे. दोघींचेही छप्पर शाबूत आहे. दोघींच्याही छपराखालची माणसे रोजगाराने ओढून नेली आहेत. फरक एवढाच की एकीची कथा तिच्याच वस्तीत वाढलेल्या प्रतिभावंताने लिहिली. दुसरीची कथा अजून लिहिली गेलेली नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये वारल्यांच्या वेठबिगारीची आणि उठावाची हकिकत अमर केली. तो जमीनदारांचा काळ होता. उचलीच्या, भट्टीच्या आणि कुलूपबंद घरकुलांच्या काळाला तसा ग्रंथ लाभलेला नाही.

याचा दोष 'अधांतर'ला देणे अन्यायाचे होईल. एका नाटकाने एक खोली प्रामाणिकपणे दाखविली, हे पुष्कळ झाले. दोष माझ्यासारख्या समीक्षकांचा आहे. आम्ही ही कृती 'गिरणगावचे साहित्य' म्हणून एका कप्प्यात ठेवली, झोपडपट्टीचे साहित्य दुसऱ्या कप्प्यात, आदिवासींविषयीचे तिसऱ्यात. प्रत्यक्षात वीट एकच आहे. ती भिवंडीजवळ मोखाड्याचा माणूस थापतो, ती लालबागच्या मनोऱ्यात किंवा नालासोपाऱ्याच्या इमारतीत बसते, आणि लालबागहून निघालेले कुटुंब तिच्या आडोशाला येऊन राहते. साहित्याच्या कप्प्यांनी ही साखळी तोडून टाकली. शासनाच्या खात्यांनीही तेच केले : घराचे खाते वेगळे, कामाचे वेगळे, पाण्याचे वेगळे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशाच्या कितीतरी आधी. पण काम गावात वेळेवर निघाले नाही, तर घरकुलाची किल्ली माणसाला गावात थांबवू शकत नाही.

शेवटी आपल्या वसई परिसरातील लेखनाविषयी दोन शब्द. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी दिलेल्या लढ्याने आपल्या पिढीला भूमीची जाणीव दिली. त्या जाणिवेतून आपल्याकडे वाड्या, विहिरी, केळीच्या बागा आणि बदललेला गाव यांवर पुष्कळ कविता व ललितलेख लिहिले गेले. २००९ साली महानगरपालिका आली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. आपल्या लेखनातील खंत खोटी नाही. परंतु त्या लेखनात पहाटे नाक्यावर उभा असलेला जव्हार-मोखाड्याचा माणूस क्वचितच दिसतो. आणि आपल्या जुन्या कौलारू घरांच्या जागी जे बंगले उभे राहिले, त्यांच्या विटा कुणी थापल्या हेही त्यात येत नाही. आपल्या आक्रसलेल्या वाडीविषयी लिहिताना त्याच्या आक्रसलेल्या पाड्याचा विसर पडत असेल, तर आपली खंत अपुरी आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

होळीला तो पाडा भरला होता. अकराही दारे उघडी होती आणि आजी नव्या घराच्या ओट्यावर बसून पाच-सहा जणींशी एकाच वेळी बोलत होती. पाचव्या दिवशी टेम्पो आला आणि माणसे पुन्हा खाली उतरली. या पाच दिवसांवर कुणी लिहील तेव्हा ते मला वाचावयाचे आहे. ते लिहिणारी व्यक्ती बहुधा त्याच टेम्पोत, शाळेचे दप्तर मांडीवर घेऊन बसली असावी.