वॉरहॉलचे मॅरिलिन-द्विफलक : रंग, छाप आणि कर्तृत्व

अँडी वॉरहॉलच्या ‘मॅरिलिन डिप्टिक’ या चित्राच्या अर्थाविषयी विपुल लेखन झालेले आहे. ते कसे घडले याचीही माहिती पुष्कळ उपलब्ध आहे. परंतु ही माहिती अर्थाच्या चर्चेत क्वचितच कामास येते. तंत्राचा तपशील म्हणून ती बाजूला ठेवली जाते आणि मग मृत्यू, प्रसिद्धी, उपभोगवाद अशा मोठ्या शब्दांना प्रारंभ होतो. या चित्राच्या बाबतीत घडणीचा क्रम नजरेआड केल्यास अर्थाची चर्चा भलत्याच दिशेने जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चित्र १९६२ चे असून लंडनच्या टेट संग्रहालयाने ते १९८० मध्ये विकत घेतले. प्रत्येकी दोन मीटरांहून थोडे अधिक उंच आणि दीड मीटराहून किंचित कमी रुंद असे दोन कॅनव्हास शेजारी-शेजारी लावलेले आहेत. प्रत्येकावर मॅरिलिन मन्रोचा एकच चेहरा पंचवीस वेळा, पाच-पाचांच्या ओळींत, छापलेला आहे. डावीकडे नारिंगी पार्श्वभूमीवर पिवळे केस, गुलाबी चेहरा, निळ्या पापण्या आणि लाल ओठ. उजवीकडे केवळ काळी शाई. मूळ छायाचित्र ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले होते. ४ ऑगस्ट १९६२ रोजी मन्रोचा मृत्यू झाला. त्यानंतर लवकरच वॉरहॉलने हे छायाचित्र निवडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीतील प्रदर्शनात ते चेहरे भिंतीवर आले.

या चित्राकडे पाहण्याचे दोन प्रमुख मार्ग रूढ आहेत. बोद्रियार यांच्या विचारसरणीतून येणारा पहिला मार्ग असे सांगतो की, येथे व्यक्ती नाहीच. प्रतिमेची प्रतिमा आहे आणि तिच्यामागे पोकळी आहे. वॉरहॉल स्वतःही मुलाखतींतून, आपल्या चित्रांच्या पृष्ठभागामागे काही शोधू नये, असेच सुचवीत असे. दुसरा मार्ग टॉमस क्रो यांनी १९८७ मधील आपल्या निबंधात आखून दिला. त्यांच्या मते वॉरहॉलच्या आरंभीच्या चित्रांत एका खऱ्या मृत्यूची वेदना टिकून आहे, आणि उजव्या फलकावरील फिकट, पुसट चेहरे म्हणजे निसटत जाणारी स्मृती होय. या दोहोंपैकी क्रो यांचे विवेचन मला अधिक मोलाचे वाटते. कारण ते चित्राकडे निदान डोळे उघडून पाहते. परंतु त्यांच्या वाचनाने पुढे एक सोपी कथा रूढ झाली : डावीकडे जीवन, उजवीकडे मृत्यू. ही कथा चित्राच्या घडणीशी जुळत नाही.

घडण अशी आहे. छायाचित्रातील चेहऱ्याचा भाग मोठा करून तो छायाचित्रणाच्या प्रक्रियेने रेशमी जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, उतरविला जातो. स्क्रीन कॅनव्हासवर ठेवून, शाई ओतून ती रबराच्या पट्टीने ओढली की जाळीच्या उघड्या छिद्रांतून काळी छाप खाली उतरते. परंतु डाव्या फलकावर ही छाप सर्वांत शेवटी आली. त्यापूर्वी केस, चेहरा, पापण्या आणि ओठ यांच्या जागा कॅनव्हासवर आखून त्या हाताने रंगविलेल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण छायाचित्रावर चढविलेला रंग समजतो, तो वास्तविक छायाचित्राच्या खाली आहे. काळी छाप या रंगांवर नेमकी बसत नाही. ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जातो, पापणीची निळाई भुवईकडे सरकते.

आता हे रंग कोठे आहेत ते पाहावे. केस, पापण्या आणि ओठ म्हणजे नेमक्या रंगभूषेच्याच जागा. मन्रोचे केस मुळात पिवळे नव्हते, ते रंगविलेले होते. नॉर्मा जीन या नावाच्या तरुणीला ‘मॅरिलिन मन्रो’ हे नावही १९४६ मध्ये स्टुडिओतच मिळाले. एरवी रंगभूषा चेहऱ्यावर असते. येथे रंगभूषा अगोदर आणि चेहरा नंतर आहे, आणि दोहोंत एक फट राहिली आहे. या फटीत चित्राचा सारा आशय आहे असे मला वाटते. साधारणीकरणाची संकल्पना येथे लावण्याचा मोह होतो खरा. परंतु साधारणीकरणात व्यक्तिविशेष गळून पडतो तो भाव आस्वाद्य व्हावा म्हणून. येथे व्यक्तिविशेष गळतो आणि उरते ती केवळ ओळख.

उजव्या फलकाचा विचार या दृष्टीने केला की त्याचे स्वरूप पालटते. तेथेही तोच चेहरा, तीच काळी छाप आहे. फक्त खाली रंग नाहीत. तेव्हा उजवी बाजू ही डाव्या बाजूच्या ‘नंतरची’ अवस्था नसून, डाव्या बाजूचाच रंग वगळून दाखविलेला सांगाडा आहे. रंगाचा आधार काढून घेताच एकच छायाचित्र पंचवीस वेळा सारखे राहू शकत नाही. एका स्तंभात शाई साचून चेहरे काळवंडले आहेत. उजव्या कडेकडे जाता-जाता ती इतकी विरळ होते की चेहरा जेमतेम ओळखू येतो. यंत्राने सर्व काही एकसारखे होते, ही समजूत हा फलक खोटी ठरवितो. आणि तेही यंत्रवत पुनरावृत्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या चित्रकाराच्या हातून, ही गंमत खरी.

हा ओबडधोबडपणा अजाणतेपणी आलेला नाही. पिट्सबर्ग येथे १९२८ मध्ये जन्मलेला वॉरहॉल १९४९ मध्ये तेथील कार्नेगी इन्स्टिट्यूटमधून पदवी घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि पुढील दशकभर जाहिरातींचा चित्रकार म्हणून त्याने चांगले नाव मिळविले, आय. मिलर या पादत्राणांच्या दुकानासाठी त्याने काढलेली चित्रे विशेष गाजली. त्या काळी त्याची एक ठरलेली रीत होती. एका कागदावर शाईने रेघ काढावयाची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपून घ्यावयाची. टिपलेली रेघ तुटक, थबकलेली अशी उमटे, आणि ती तुटकताच गिऱ्हाइकांना आवडे. मूळ रेघ बाजूला ठेवून तिची छाप पुढे करणे आणि छापेतील अपघात राखून ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्याने पॉप कलेच्या कितीतरी आधी जाहिरातीच्या टेबलावर आत्मसात केल्या होत्या. ‘कलावंताचा हात नाहीसा झाला’ असे म्हणणारे समीक्षक या दहा वर्षांकडे पाहत नाहीत.

बायझंटाइन परंपरेच्या चर्चमध्ये त्याचे बालपण गेले, आणि सोनेरी पार्श्वभूमीवर एकच लहान चेहरा असलेल्या १९६२ च्याच ‘गोल्ड मॅरिलिन मन्रो’वर त्या मूर्तिपटांची छाया उघड आहे. द्विफलकाबाबत मात्र धार्मिक अर्थ जपून लावावा. हे दोन कॅनव्हास द्विफलक म्हणून एकत्र ठेवण्याची सूचना संग्राहक एमिली ट्रेमेन यांनी केली, असे सांगितले जाते. तसे असेल तर ज्या रचनेवर जीवन-मृत्यूची कथा उभी आहे, ती रचनाच चित्रकाराची एकट्याची नाही. यामुळे चित्र उणे ठरत नाही. छायाचित्रकार, स्टुडिओ, रंगभूषाकार, संग्राहक अशा अनेकांनी मिळून एक चेहरा घडविला. वॉरहॉलचे कर्तृत्व एवढेच की त्याने त्या घडणीतील सांधे लपविले नाहीत.

हे सांधे पुढे त्यानेच बुजविले. १९६४ च्या चाळीस इंची चौरस मॅरिलिन-चित्रांत एकेकटा चेहरा आहे, रंग आणि छाप बऱ्याच नेटकेपणाने जुळतात, आणि ती फट जवळपास मिटते. १९६७ च्या दहा मुद्राचित्रांच्या संचात तर रंगाचे भागही स्क्रीननेच छापलेले आहेत; प्रत्येकी २५० प्रतींची ही मालिका दिसावयास आकर्षक आहे, पण तिच्यात शोध उरलेला नाही. १९६४ च्या चित्रांपैकी ‘शॉट सेज ब्लू मॅरिलिन’ हे मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलरांना विकले गेले. बाजाराने निवडलेले हे चित्र मला द्विफलकापेक्षा कितीतरी कमी प्रतीचे वाटते.

कर्तृत्वाचा प्रश्न न्यायालयातही गेला, परंतु तो मन्रोच्या छायाचित्रावरून नव्हे. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या छायाचित्रावरून वॉरहॉलने चित्रमालिका केली होती. त्यातील एक चित्र २०१६ मध्ये नियतकालिकात छापावयास देण्यात आले, त्या व्यवहारापुरता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला. दोन्ही चित्रे नियतकालिकांत प्रिन्सचे व्यक्तिचित्र म्हणून एकच काम करतात, हा बहुमताचा मुख्य मुद्दा होता. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांनी मात्र चित्रकाराने काय पालटले याकडे लक्ष वेधले. बहुमताची कसोटी उपयोगाची आहे, घडणीची नव्हे. आणि द्विफलकाच्या उजव्या फलकासमोर ती लावून पाहिली तर ती तेथे काहीच सांगू शकत नाही, कारण प्रसिद्धीसाठी असा काळवंडलेला चेहरा कोणत्याही स्टुडिओने वापरला नसता.