देवळाली प्रवराच्या शाळा आणि एक फसवा तक्ता

'अमुक गावातील सरकारी व खासगी शाळांच्या गुणवत्तेचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय नवख्या संशोधकांच्या प्रस्तावात हमखास दिसतो. निकालाची टक्केवारी घ्यायची, दोन स्तंभ काढायचे, उंच स्तंभाची शाळा चांगली ठरवायची. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या. छोटी नगरपरिषद, भोवती ऊस. समजा, तिथल्या दोन शाळांत प्रत्येकी 50 मुलं आहेत (आकडे कल्पित). शाळा 'अ' मध्ये स्थिर घरांतली 10 पैकी 9 आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरांतली 40 पैकी 24 पास झाली. एकूण 66 टक्के. 'ब' मध्ये स्थिर घरांतली 40 पैकी 34, स्थलांतरित 10 पैकी 5. एकूण 78 टक्के. तक्त्यात 'ब' जिंकली. पण गट वेगळे करून बघा: 90 विरुद्ध 85, 60 विरुद्ध 50. दोन्हीकडे 'अ' पुढे! याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. आणि वर्गात 12च मुलं असतील तर एका मुलाने निकाल आठ टक्क्यांनी हलतो.

मग माहिती आणायची कुठून? 'असर' सर्वेक्षण ग्रामीण भागाचं, त्यामुळे नगरपरिषदेचं गाव त्यातून निसटतं. 2024 च्या परख सर्वेक्षणाचे निष्कर्ष जिल्ह्याच्या पातळीवरचे. यूडायस प्लसमध्ये शाळानिहाय पट आणि सामाजिक प्रवर्ग मिळतो, पण प्रवर्ग म्हणजे घरची परिस्थिती नव्हे. आईचं शिक्षण, हंगामात मूल किती दिवस गैरहजर होतं, हे शाळेत आणि घरी जाऊनच विचारावं लागतं.

घरच्या पार्श्वभूमीचा निकालावर केवढा प्रभाव असतो, हे अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने 1966 मध्येच दाखवलं. आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत जाण्याची संधी दिली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेलुगू आणि गणितात त्या मुलांना वेगळा फायदा दिसला नाही, हिंदीत दिसला. म्हणजे मुलं सारखी केली की फरक बराचसा विरघळतो.

एवढी काळजी का? कारण असा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतो, पालक दाखले काढतात, पट घटतो, आणि अवघड मुलं शिकवणारी शाळाच आधी संकटात येते. म्हणून प्रस्ताव लिहिताना पहिला प्रश्न हा ठेवा: या शाळेत कोण येतं? निकाल त्यानंतर.