कार्ड जुळवण्याआधी

दोन वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. नववीच्या मुलींनी एक तक्ता केला होता. डावीकडे पिवळे कार्ड घेतलेला मुलगा, उजवीकडे पिवळे कार्ड घेतलेली मुलगी आणि मध्ये लाल शाईची भली मोठी फुली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘पत्रिका नको, सिकलसेलचे कार्ड जुळवा.’ पिवळे कार्ड म्हणजे सिकलसेलचा वाहक. तक्ता समजावून सांगणारी मुलगी धीट होती. मेंडेलचे प्रमाण तिने न अडखळता सांगितले. खूश होऊन मी विचारले, “समजा, तुझ्याच हातात पिवळं कार्ड आलं, तर?” ती एकदम गप्प झाली. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी हळूच सांगितले, “मॅडम, तिचं पिवळंच आहे. वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे.”

तो प्रश्न विचारण्याचा मूर्खपणा माझा होता. तक्त्याला मी बक्षीसही दिले, कारण त्यातले विज्ञान बरोबर होते. परंतु परतीच्या प्रवासात ती फुली काही डोळ्यांसमोरून हलेना. त्या तक्त्याचे परीक्षण मी तेव्हा नीट केले नाही, ते आता करते आहे. अर्थात हे परीक्षण मुलींचे नाही. तो संदेश त्यांनी भाषणांतून आणि भिंतीवरच्या फलकांवरून जसा ऐकला-वाचला, तसा उतरवला होता. परीक्षण आहे ते त्या संदेशाचे.

तक्त्यातले बरोबर काय?

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची प्रथिनाची साखळी असते. तिच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले, की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, लांब काड्या तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, काहींना लहान वयातच पक्षाघात. हा रोग रेण्वीय पातळीवर उलगडणारा पहिला शास्त्रज्ञ म्हणजे लायनस पाउलिंग. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९४९ चा शोधनिबंध आजही अभ्यासला जातो.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुके सिकलसेलची आली, तर मूल रुग्ण होते. एकच आले तर ते वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. उलट, हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून वाहकाला संरक्षण मिळते, हे ॲलिसन याने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणूनच जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे हे जनुक टिकले. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात ते का आढळते याचे उत्तर बहुतांशी इथे आहे. ते कोणत्याही जमातीच्या चालीरीतींत किंवा ‘रक्तातल्या दोषात’ नाही. शिवाय ते फक्त आदिवासींत आहे असेही नाही. विदर्भातल्या दलित आणि इतर समाजांतही आढळते.

दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक, हेही तक्त्यात बरोबर होते. फक्त ‘प्रत्येक’ हा शब्द तेवढा राहिला होता. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली’ असा अर्थ अनेक आईबाप काढतात. नाणे मागची फेक लक्षात ठेवत नाही, हे वर्गात करून दाखवता येते.

फुलीचे गणित

आता तक्त्याचा निष्कर्ष पाहू. वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. मग रोगाचे निर्मूलन होईल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे जे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्याच्या नावातच निर्मूलन आहे. ० ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

आकडेमोड सोपी आहे, नववीच्या वर्गातही जमेल. हजार माणसांची वस्ती घ्या. त्यात शंभर वाहक आहेत. पाचशे जोडपी आणि प्रत्येकी दोन मुले धरू. कार्ड न पाहता लग्ने झाली, तर दोघेही वाहक अशी साधारण पाच जोडपी निघतील. त्यांच्या दहा मुलांपैकी सरासरी दोन-तीन रुग्ण असतील. आता सर्वांनी कार्डे जुळवली असे समजा. प्रत्येक वाहकाला वाहक नसलेला जोडीदार मिळेल, म्हणजे अशी शंभर जोडपी. त्यांची दोनशे मुले आणि त्यांतली निम्मी वाहक. किती झाली? पुन्हा शंभरच!

म्हणजे कार्डे जुळवून रुग्ण मुलांचे जन्म थांबतील, हे खरे. पण जनुक तिथेच राहील, तेवढेच राहील. पुढच्या पिढीत पुन्हा शंभर पिवळी कार्डे निघतील आणि त्यापुढच्याही पिढीत. देवीचा विषाणू जसा गेला, तसे हे जाणार नाही. देवीचे निर्मूलन म्हणजे विषाणूचा शेवट. इथे ‘निर्मूलन’ म्हणजे काही माणसे जन्माला न येणे. हे दोन अर्थ एकाच शब्दात मिसळले, की ऐकणाऱ्याला वाटते, रोग आणि रोगी दोन्ही नकोत.

ही शंका मी उगाच काढत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. त्या कायद्यानुसार रुग्ण मूल हे शिक्षणाचा आणि सवलतींचा हक्क असलेला नागरिक आहे. फलकावर मात्र तेच मूल म्हणजे टाळायला हवी होती अशी चूक. लाल कार्ड घेऊन वर्गात बसलेला मुलगा त्या फलकाखालून रोज जातो. तो काय वाचत असेल?

फुली कोणावर पडते?

काही जमातींत वाहकांचे प्रमाण शंभरात तीसपर्यंत आणि त्याहूनही अधिक आढळले आहे. तिथे वाहक मुलीने दहांतली तीन स्थळे सोडायची. गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे हे गट पाळून लग्ने ठरतात. तीही स्थळे वजा करा. मग गणित कागदावर राहते आणि प्रत्यक्षात दुसरेच घडते. आपल्याकडे मुलाच्या दोषाची चौकशी कमी आणि मुलीच्या दोषाची जास्त होते. कार्ड दोघांचेही असते, पण दाखवायला लावतात ते बहुधा तिला. ज्याच्याकडे पांढरे कार्ड आहे, त्याला पिवळ्या कार्डाची मुलगी करायला शास्त्रीयदृष्ट्या काहीच हरकत नाही, हे तक्त्यावर कुठेच नव्हते. वास्तविक तेच ठळक अक्षरात हवे होते.

हे असे होते, हा केवळ अंदाज नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावी जवळजवळ चारांत एक माणूस वाहक होता. संशोधकांनी सर्वांची तपासणी केली, निकाल दिले, लग्नाबाबत सल्ला दिला. पुढे त्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा वाहकांमधल्या आपसातल्या लग्नांचे प्रमाण योगायोगाने होईल तेवढेच निघाले. बदलले ते इतकेच, की वाहक असणे हा कमीपणा ठरला आणि लोक ते लपवू लागले. सल्ला निष्फळ ठरला आणि डाग तेवढा राहिला.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणीचे कायदे केले. काही ठिकाणी शाळकरी मुलांना तपासणी सक्तीची होती. काही कायद्यांत तर वाहक आणि रुग्ण यांत गल्लत केलेली होती. परिणामी निरोगी वाहकांना विम्यासाठी जादा पैसे मोजावे लागले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी अशी अट घातली, ती काही उगाच नाही.

आणि पाउलिंग? ज्याने रेणूपर्यंत पोहोचून हा रोग समजावून दिला, शांततेचे नोबेलही ज्याला मिळाले, त्यानेच १९६८ मध्ये लिहिले, की हे जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. त्याचा हेतू क्रूर नव्हता, मुलांच्या वेदना त्याला बघवत नव्हत्या. म्हणूनच हे उदाहरण मला अस्वस्थ करते. रेणूचे ज्ञान असले म्हणजे माणसाचेही ज्ञान असते असे नाही, हा धडा आम्हा संशोधकांसाठी आहे. वर्गात सर्वांना ठाऊक असलेले पिवळे कार्ड आणि ती कपाळावरची खूण यांत अंतर आहे. पण फार नाही.

मग काहीच करायचे नाही का?

तसे मुळीच नाही. दोन रुग्ण मुलांची आई जर म्हणाली, की आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, तर तिला माझ्याकडे उत्तर नाही. माहिती मिळणे हा तिचा हक्कच होता. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या या रोगाकडे सरकारचे लक्ष गेले, हे चांगलेच आहे. प्रश्न माहिती द्यावी की नाही हा नाही; कोणाला, कोणत्या वयात, कशी आणि कशासोबत द्यावी, हा आहे.

सायप्रसचे उदाहरण पाहा. तिथे थॅलॅसिमियाचे वाहक सातांत एक इतके होते. १९८३ पासून तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या प्रमाणपत्रावर निकाल नसतो. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढेच असते. निकाल दोघांपुरता राहतो. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न मोडत नाहीत. गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय स्वतः घेतात. शिवाय आधीच्या रुग्णांवरचे उपचार तिथे चालूच राहिले. नव्या रुग्णांचे जन्म जवळजवळ थांबले, तेही कपाळावर फुली न मारता. अर्थात गर्भपाताचा प्रश्न तिथेही अवघड आहेच. आपल्याकडे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा रक्तदोषांसाठी गर्भतपासणीला परवानगी देतो. पण ती सोय नंदुरबारच्या पाड्यावरून किती कोस दूर आहे? दूरची सोय म्हणजे निवड नव्हे.

दुसरे म्हणजे तपासणीचा क्रम. रुग्ण मूल जन्मतःच कळले, तर त्याचा थेट फायदा मुलाला होतो. लहानपणी पेनिसिलिन दिल्याने जीवघेणे जंतुसंसर्ग कितीतरी कमी होतात, हे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध केले. लसी आहेत, वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली; मात्र अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर, तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रासाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळीच खरी. याउलट, दहा वर्षांच्या मुलाला तो वाहक आहे हे कळून त्याच्या प्रकृतीला त्या वयात काहीच लाभ होत नाही. म्हणून लहान मुलांची केवळ वाहक तपासणी ते स्वतः ठरवू शकतील तोपर्यंत थांबवावी, असे अनेक देशांतले जनुकतज्ज्ञ सांगतात. आपण मात्र एकाच सुईने दोन्ही उत्तरे काढतो आणि दुसरे उत्तर कोणी मागितले होते हे विचारत नाही.

शिक्षकांच्या हातात

कार्यक्रम कसा आखावा हे शिक्षक ठरवत नाहीत. पण शाळेत तो कसा पोहोचतो, हे बरेचसे त्यांच्यावर अवलंबून असते. निकालाची यादी वर्गात वाचू नये, कार्डे पाकिटातून आणि पालकांच्या हाती द्यावीत, एवढे तरी जमावे. विद्राव्यतेची प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. तिच्यावरून कोणाला काही सांगू नये. रुग्ण मुलाला पाणी जास्त लागते, थंडी आणि अति दमणूक बाधते; त्याच्या बाटलीची आणि स्वेटरची चौकशी करावी. कार्डांवरून घरातल्यांची वंशावळ काढण्याचा गृहपाठ तर कधीच देऊ नये. आईवडील दोघेही वाहक नाहीत आणि मूल वाहक आहे, असे एखाद्या वहीत निघाले, तर ते घर कोण सावरणार?

आणि तक्ता जरूर करावा, पण फुली काढून टाकावी. त्या जागी मुलांनाच विचारावे : या दोघांपुढे कोणकोणते मार्ग आहेत, प्रत्येकासाठी काय लागेल, ते आपल्या तालुक्यात मिळते का? जीवशास्त्राच्या तासाला हा प्रश्न परका वाटेल. पण मेंडेलच्या वाटाण्यांना लग्न ठरवायचे नव्हते, आपल्या विद्यार्थ्यांना ठरवायचे आहे.

त्या मुलीला मी त्या दिवशी सांगायला हवे होते, की तुझ्या पिवळ्या कार्डात लाजण्यासारखे काही नाही; तुझ्या कोण्या पूर्वजाने त्याच जनुकाच्या बळावर हिवतापावर मात केली असेल, म्हणून तू आज इथे उभी आहेस. मी ते सांगितले नाही. मी तिला बक्षीस दिले आणि गाडीत बसले. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल, तर तेवढे तिला सांगा.